दुसऱ्या गिअरमधला केक

वहिनींचं गाडी चालवणं म्हणजे झोपलेलं बाळ मांडीवरून अलगद बिछान्यावर ठेवणं. इंजिनाचा आवाज जरा वर चढला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मागे आइस्क्रीम केक असला, की गाडी सुरू होते न होते तोच वरचा गिअर टाकून त्या अशा मुकाट सरकत राहायच्या, की पायी जाणारे काचेतून डोकावून विचारत, "काही बिघडलंय का?"

आइस्क्रीमच्या केकचं तेव्हा भारी अप्रूप होतं. वहिनींचा हात त्यात असा बसला, की मोटारींच्या वायरिंगचं काम करणाऱ्या धाकट्या दिरानं गाडीची मागची सीट काढून तिथं विजेवर चालणारा थंड डबाच बसवून दिला. हा दीर चटकन तापायचा, म्हणून घरात त्याचं नाव पडलं होतं फ्यूज.

पण गावातल्या मोठ्या हॉटेलानं मागवलेला पहिला केक तिथं पोचला तो पातेल्यात ओतावा असा. फ्यूजनं निदान केलं, "जुना अल्टरनेटर अशक्त आहे. इंजिन फिरवतं आणि तो वीज करतो, पण डबा, दिवे, पंखा एवढी तोंडं तो कुठून भरणार?" त्यानं सगळ्यांची भूक मोजून तिच्या दुप्पट ताकदीचा अल्टरनेटर बसवला. दुसरा केकही वितळला. हॉटेलच्या मुख्य आचाऱ्यानं निरोप धाडला, "शनिवारी चहाच्या वेळी मेजवानी आहे. या खेपेला चमचा लागला, तर पुन्हा येऊ नका."

दुसरं मोठं गिऱ्हाईक नव्हतं. हे गेलं की साचे माळ्यावर, आणि वहिनी पुन्हा कापडाच्या दुकानात, काउंटरमागे.

शनिवारी फ्यूज वीज मोजायचा मीटर मांडीवर घेऊन शेजारी बसला. गाडी निघाली. मीटरचा काटा खाली कलू लागला.

"अहो वहिनी, तो चष्मेवाला म्हातारा सायकलवरून आपल्याला मागे टाकून गेला."

"जाऊ दे. त्याच्याकडे केक नाही."

फ्यूजनं एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा वहिनींच्या पायाकडे, आणि कपाळावर हात मारला. "हात्तिच्या! अल्टरनेटरवर लिहिलेला आकडा इंजिन जोरात फिरतं तेव्हाचा. तुमच्या या रांगण्यावर तो निम्मीसुद्धा वीज करत नाही! बाकीची बॅटरीतून जाते, आणि बॅटरी बसली की डबा बंद. मी भूक मोजली, पण तुमची चाल मोजलीच नाही."

"म्हणजे माझंच चुकलं?"

"नाही, माझं. अल्टरनेटरची पुली, म्हणजे त्याचं पट्ट्याचं चाक, बदलून लहान बसवली, की तो याच चालीत भराभर फिरेल. पण ती पुली आज कुठली मिळायला! आज तुम्ही दुसरा गिअर टाका, याच चालीत इंजिन जोरात फिरू दे."

"अरे, ओरडेल ना ती!"

"ओरडू दे. तुमचा केक मुका आहे, त्याच्या वतीनं ओरडू दे."

वहिनींनी ओठ आवळले आणि गिअर खाली टाकला. गाडी तेवढ्याच वेगानं, पण गर्जना करत निघाली. कोपऱ्यावरचा शिंपी मशीन थांबवून दारात आला. वहिनींचे कान लाल झाले.

"काटा?"

"चढतोय! पण अजून थोडं हवं. पंखा बंद करतो."

"उकडून जाशील."

"मी वितळलो तर आचारी काही म्हणणार नाही."

रस्ताभर ते दोघे घामानं निथळत होते आणि मागे केक थंडीत बसला होता. हॉटेलच्या मागच्या दाराशी आचारी हाताची घडी घालून उभा होता. त्यानं डब्यातून केक उचलला, आत नेला, सुरी लावली. सुरी आत जाईना. त्यानं जोर केला. तरी जाईना.

तो मागे वळून ओरडला, "अरे, सुरी गरम पाण्यात बुडवून आणा कुणीतरी!"

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं, की हसू लपवलं, ते फ्यूजला कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यानं लहान पुली बसवली. "आता खुशाल रांगा," म्हणाला. वहिनी रांगल्याही. पण कोपऱ्यावर शिंपी दारात दिसला, की हळूच दुसरा गिअर टाकायच्या.