समोरच्या दारावरची चांदणी

"यंदा नाताळात आमच्याकडे चांदणी नाही आणि गाणारेही नकोत," असं सुनीतीने डिसेंबर लागताच चर्चमध्ये सांगून टाकलं होतं. शांतवन, तिचा नवरा, पावसाळ्यात गेला. दुःखाच्या घरी पहिल्या वर्षी चांदणी लावत नाहीत, करंज्या तळत नाहीत आणि बिनचांदणीच्या दाराशी घरोघरी नाताळची गाणी गाणारे कॅरलवाले थांबत नाहीत. रीतच तशी, आणि रीतीच्या आड लपायला बरं असतं.

खरं कारण वेगळंच होतं. गाणारे शेवटी घरच्या माणसाला विचारतात, "कशासाठी प्रार्थना करू?" त्या प्रश्नाचीच तिला धास्ती होती. दवाखान्यात तिने देवाकडे इतकं मागितलं होतं, की आता मागायला तोंडच उरलं नव्हतं. डोळे मिटले तरी शब्द फुटत नसे. कुणाला सांगणार? देवावर रुसलेली बाई म्हणून मिरवायची तिला हौस नव्हती.

दर वर्षी शांतवन स्टुलावर चढून आत दिवा असलेली कागदी चांदणी टांगायचा आणि ही खालून म्हणायची, "वाकडी आहे." सगळा संसार झाला, पण ती चांदणी काही सरळ झाली नाही. काल सुनीतीने ती माळ्यावरून काढली आणि सरळ कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून दिली.

आज संध्याकाळी येरवड्याच्या तिच्या तीनमजली इमारतीत ढोलकी वाजली. सुनीतीने टीव्ही बंद केला, दिवा मालवला आणि आपण घरात नाहीच अशी खुर्चीत बसून राहिली. येऊ नका असं तिनेच बजावलं होतं, तरी पावलं वर येताना ऐकून तिचा जीव खालीवर होऊ लागला. पावलं दारापाशी आली आणि वळली. ठरल्याप्रमाणेच झालं, पण तिला फार एकटं वाटलं.

मग समोरूनच गाणं सुरू झालं. समोर जरीना राहते. तिच्याकडे कॅरल?

सुनीतीने दाराच्या भिंगाला डोळा लावला. जरीनाच्या चौकटीवर शांतवनची चांदणी पेटली होती. वाकडीच.

गाणं संपल्यावर गटाची पुढारी तेजस्विनी चाचरत म्हणाली, "मावशी, तुम्ही आपल्या चर्चच्या?"

"मी कुठली चर्चची?" जरीना म्हणाली. "चांदणी बघून थांबलात ना? मग झालं तर. कचऱ्यात पडली होती, बघवलं नाही. दुःख त्यांच्या घरात आहे, माझ्या दारावर तर लावता येते की."

तेजस्विनीने मान डोलावली. तिने नेहमीचंच विचारलं, "कशासाठी प्रार्थना करू, मावशी?"

"समोरच्या घरासाठी. दार लावून बसते बिचारी. रात्री रडते, मला दाराआडून ऐकू येतं. तिला वाटतं, कुणाला कळत नाही."

दाराआड सुनीतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर सगळ्यांनी माना खाली घातल्या. तेजस्विनीने सुरुवात करायला श्वास घेतला, तेवढ्यात कडी वाजली.

"थांब गं," सुनीती म्हणाली. केस विस्कटलेले, पायात चपलाही नाहीत. "मी करते."

ती जरीनाच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली आणि तिने डोळे मिटले.

"बापा," ती म्हणाली, आणि पुढे काहीच येईना. ढोलकीवाल्याने तळवा कातड्यावर दाबून धरला.

"बापा, मी तुझ्यावर रागावले आहे. शांतवनला तू परत देणार नाहीस, तेही मला ठाऊक आहे. पण या बाईने माझी टाकलेली चांदणी उचलली. तिचं घर सांभाळ. आणि उद्या माझं दार उघडायचं बळ मला दे."

एवढं बोलल्यावर तिला हुंदका आला. शेवटचा शब्द, 'आमेन', म्हणायचा राहून गेला.

तो जरीनाने म्हटला, सगळ्यांच्या आधी, आपल्या पद्धतीने. "आमीन."