दुसऱ्या रकान्यातलं नाव

“मी काही मोडलं नाही हं,” बू तुकिरा म्हणाल्या आणि त्यांनी चटका बसावा तसा माउसवरचा हात मागे घेतला.

पडद्यावर पुन्हा तीच लाल ओळ होती. जावा बेटावरच्या योग्याकार्ताजवळच्या आमच्या दवाखान्यात नवे संगणक आले आणि बूंचं, म्हणजे बाईंचं, खातं काही केल्या उघडेना. नावनोंदणीच्या खिडकीवर त्यांचं आयुष्य गेलेलं. कुणाची सून अवघडलेली आहे, सिगारेट सोडल्याचं कोण खोटं सांगतो, सगळं तोंडपाठ. पण आज दुपारपर्यंत खातं उघडलं नाही, तर उद्यापासून चादरी धुण्याच्या खोलीत, असं मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मला डॉक्टरांचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर बाईंचाही. कुणी जवळ आलं की पडदाच बंद करायच्या.

“यंत्रालाही कळतं गं रत्री, अडाणी कोण ते.”

“त्याला काय कळतंय? सरका तिकडे. आणि ती केळी द्या इकडे.”

तळलेलं केळं खात मी ती इंग्रजी ओळ वाचली आणि मला हसूच आवरेना.

“बू, हे तुमचं आडनाव मागतंय.”

“ते कुठून आणू? आईबापांनी तुकिरा ठेवलं, तेवढंच. तुझं आपलं बरं, दोन-दोन नावं.”

“म्हणून तर माझं लगेच उघडलं.”

“म्हणजे मी चुकत नव्हते?”

“एकदाही नाही.”

बाईंनी कंबरेवर हात ठेवले. “जावात आलंय नि इथं कितीकांना एकच नाव असतं हे ठाऊक नाही? आणि मी मेली याला भीत होते.”

“तेच नाव दोनदा लिहा. तुकिरा तुकिरा.”

“नको. हाक मारून मारून कुणी दमल्यासारखं वाटतं.”

त्या खुर्ची ओढून बसल्या. एका बोटानं, अक्षर शोधत, त्यांनी दुसरा रकाना भरला: सारजोनो. त्यांचा नवरा. गल्लीत त्यांना सगळे बू सारजोनोच म्हणायचे. तो गेला आणि ती हाकही हळूहळू थांबली.

खातं उघडलं. रांगेत पहिले आजोबा पाईमिन, तेही एकनावी.

“याला एका नावाचा माणूस चालत नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही आजपासून पाईमिन पाईमिन.”

“मग इंजेक्शनं पण दोन देणार का?”

अख्खी रांग हसली. दुपारी मोठे डॉक्टर आले, खिडकीशी जरा थांबले, उघडलेलं खातं पाहिलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या मागेच दवाखान्यात शिरले. पडद्यावर अक्षरं उमटली: सुप्रभात, तुकिरा सारजोनो.

मी मागे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी पदर सारखा केल्यागत गळ्यातली ओढणी नीट केली आणि हळूच म्हणाल्या, “आले हं.”