धुक्यातली दरी

निसर्ग कोणालाही फसवत नाही. त्या कामासाठी गाइड असतात.

आपला गाइड बावीस वर्षं एकाच कड्यावर उभा होता आणि त्यातली निम्मी तरी धुक्यात गेली होती. म्हणून त्याने एक पद्धत बसवली होती. पर्यटकांना दोन्ही हात कठड्यावर ठेवायला लावायचे आणि हाताच्या मापाने दरी सांगायची: डाव्या अंगठ्याशी धबधबा, तिथून वीतभर उजवीकडे नदी. लोक तिकीट वसूल झाल्याच्या चेहऱ्याने परतत.

आज मात्र पर्यटन खात्याचा साहेब आला होता. जिथून काही दिसत नाही ते पॉइंट बंद करायचे, असं खात्यात ठरलं होतं. तासाभरात साहेबाला दरी दिसली तर ठीक, नाहीतर कडा बंद आणि गाइड खालच्या गावात गाड्या लावायला. आणि धुकं असं, की साहेबाची टोपी तेवढी एकटीच चाललेली दिसत होती.

"आज स्वतःचं नाक दाखवलंत तरी पुष्कळ," तिकीट खिडकीतून बायको म्हणाली.

"तू तिकीट फाड."

"कोणाचं? साहेबांना फुकट आहे."

गाइडने साहेबाचे हात धरून थंडगार कठड्यावर ठेवले. "डोळे मिटा, साहेब. उघडे ठेवून तरी काय दिवे लावणार आहोत?"

मग तो बोलू लागला. समोर तीन शिखरं, सख्खे भाऊ, वाटणीवरून अबोला धरलेले. मधला सगळ्यात उंच, म्हणून सगळ्यात एकटा. त्यांच्या पायाशी नदी, निघते निघते म्हणत दारातच गप्पा मारणाऱ्या मावशीसारखी रेंगाळणारी. पलीकडे गवताचं पठार, त्यावर ढगांच्या सावल्या चरायला सोडलेल्या. बोलता बोलता त्याचा आवाज खाली खाली उतरत गेला आणि त्यालाच गवताचा वास आला.

"त्या होडीत कोण आहे?" साहेबाने हळूच विचारलं.

गाइडने होडीचं नावही काढलं नव्हतं. त्याने पाहिलं. होडी होती. पांढऱ्या कपड्यांतलं कोणीतरी वल्हं आत घेऊन आडवं झालं होतं. पुढचं काय ते नदी बघून घेत होती.

"झोपलाय," गाइड म्हणाला.

"झोपू दे," साहेब म्हणाला.

तास उलटून गेला. शेवटी बायकोनेच हाक मारली, "अहो, आहात ना? की पडलात दोघं?"

साहेबाने डोळे पुसले, गाइडचे हात घट्ट दाबले आणि तो धुक्यात विरघळला.

"कडा वाचला," गाइड बायकोला म्हणाला.

आठ दिवसांनी आदेश आला. बायकोने तो खिडकीतूनच मोठ्याने वाचला: "सदर दरी अप्रतिम असून ती प्रत्यक्ष न पाहताही उत्तम दिसते, असे आढळून आले. सबब पर्यटकांना घाट चढायला लावण्याचे कारण उरत नाही. पॉइंट बंद करावा. गाइडची बदली मुख्य कार्यालयात करावी."

सोमवारपासून तो शहरात, तळघरातल्या हॉलमध्ये दरी दाखवतो. रविवारी हॉल बंद असतो, म्हणून दरीही बंद.