शेवटची जोडी

अमेरिकेत दीड महिना राहून मी काय शिकले, तर पोळ्यात आमचे बैल शेवटी का असतात ते. तेही आपणहून नाही. नागरी हक्कांच्या चळवळींचा इतिहास शिकायला मेहकरच्या कॉलेजातून माझी निवड झाली होती. अलाबामातल्या वर्गात प्रत्येकाने आपल्या गावाविषयी बोलायचं होतं. मी मोठ्या तोऱ्यात पोळ्याचे फोटो दाखवले. तोरण, झुली, रंगवलेली शिंगं. पाहुण्या म्हणून ऐंशीच्या एक बाई आल्या होत्या. काळ्यांना मागे बसवतात म्हणून बसवर बहिष्कार होता तेव्हा लहानपणी आईचा हात धरून वर्षभर पायी चाललेल्या. त्यांनी एका फोटोवर बोट ठेवलं.

"ही अगदी मागची जोडी कुणाची?"

"आमची."

"मागे का?"

"पहिल्यापासून तसंच आहे," मी म्हणाले. आणि माझी कानशिलं तापली. आमच्याकडे पहिला मान दयाराम पाटलांच्या जोडीचा, मग एकेका घराण्याचा, आणि सगळ्यांच्या मागे आम्ही मातंग वस्तीतले. वर माझे बाबा, इंद्रभान, त्याच पोळ्याला तोरणाजवळ उभे राहून डफडं वाजवतात! त्यांच्या डफड्याशिवाय तोरण तोडून पहिली जोडी पुढे निघत नाही, पोळा फुटत नाही. एवढी साधी गोष्ट एकोणीस वर्षं माझ्या डोक्यात शिरली नव्हती. स्वतःचाच भयंकर राग आला.

साखरखेर्ड्याजवळच्या आमच्या गावी परतले ती हट्ट घेऊनच.

"बाबा, औंदा आपली जोडी पुढं घेतल्याबिगर डफडं वाजवू नका."

"लय शिकून आली तू! मंग पाटलाच्या वावरात मले कामाले कोन बोलावल?"

"तिकडं बस सोडून पायी चालनाऱ्या लोकायच्याबी नोकऱ्या गेल्या. तरी चालत राह्यले ते."

"ते हजारो होते. आपली घरं अकरा."

तरी आठ दिवस मी पिच्छा सोडला नाही. "हिले काऊन धाडलं तिकडं?" म्हणून आई वैतागली. बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

पोळ्याच्या संध्याकाळी मी आमच्या जोडीचे कासरे धरून रांगेच्या शेवटी उभी राहिले. पुढे डफडं वाजायला लागलं आणि माझा धीरच खचला. पाटलांची जोडी तोरणाखाली आली. तेवढ्यात आवाज थांबला.

"वाजव ना बे इंद्रभान!" कोणीतरी ओरडलं.

"आधी माही जोडी पुढं येऊ द्या," बाबा म्हणाले. ते जागचे हलले नाहीत.

पाटील आधी हसले, मग भडकले. डफडं दुसऱ्या कोणाकडे द्या म्हणाले. वस्तीबाहेरचं कोणी डफड्याला हात लावत नाही, आणि आमच्या अकरा घरांतल्या एकानेही ते हातात घेतलं नाही. दिवस मावळला, बैल बिथरायला लागले, आणि तोरण न तुटताच लोक आपापली जोडी घेऊन घरी निघाले. गावात असं कधीच झालं नव्हतं.

घरी आईने बैलांना पुरणपोळी चारली.

"काय भेटलं?" ती म्हणाली. "काम गेलं. मान तं भेटलाच नाही."

"नाही भेटला," बाबा म्हणाले. "पण आज कोनाचीच जोडी पह्यली गेली नाही."