तीन फायलींचे एकच मालक

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, पोटात एकोणीस वर्षांची दुखणी सांभाळणारी. माझ्या मालकांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेत ते भूमिती शिकवत. आमच्या जुन्या डॉक्टरांनी माझ्या पहिल्या पानावर मास्तरांचे नाव लिहिले, तेव्हा मी कोरी करकरीत होते आणि मास्तरांना फक्त सर्दी झाली होती.

ते माझ्या भरभराटीचे दिवस. दर महिन्याला मास्तर मला काखोटीला मारून दवाखान्यात नेत. डॉक्टर इतर पेशंटांना सांगत, "फाईल असावी तर मास्तरांसारखी. एक कागद इकडचा तिकडे नाही!" मी फुगत असे. अभिमानाने, दमटपणाने नव्हे.

पुढे मास्तरांच्या पत्नी वारल्या. लेक सासरी, दूरच्या गावी. घर गप्प झाले. मास्तर पेपर वाचत, जाहिरातींसकट. चार वाजले, की त्यांना छातीत काहीतरी वाटू लागे. एके दिवशी ते मला न घेताच बाहेर पडले. परतले तेव्हा काखेत एक पिवळी फाईल होती. गुळगुळीत, तरुण, हृदयाच्या डॉक्टरांकडची. सवत म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले.

मास्तरांच्या मनात पाप नव्हते, शिष्टाचार होता. एका घरी जेवून आलेल्या पाहुण्याने दुसऱ्या घरी ते बोलू नये, मुकाट्याने पुन्हा पानावर बसावे, तसे त्यांचे चालले होते. माझ्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली होती. पिवळीच्या डॉक्टरांनीही दिली. नाव वेगळे, रंग वेगळा, औषध तेच. मास्तर दोन्ही घेत. कुणाचे मन मोडायचे? दोन गोळ्यांनी दाब इतका उतरला, की मास्तरांना चक्कर येऊ लागली. चक्कर कानामुळे येते, असे पेपरात वाचून ते कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. हिरवी फाईल आली, सोबत चक्करवरची तिसरी गोळी.

हिरवीच्या पहिल्याच पानावर छापील प्रश्न होता, 'दुसरीकडे उपचार चालू आहेत का?' मास्तरांनी वळणदार अक्षरात लिहिले, 'नाही', आणि खाली सही केली. ते 'नाही' पोटात घेऊन ती आमच्या खणात शिरली आणि आम्हा दोघींच्या उरावर बसली. मास्तरांबद्दलचे सगळे खरे त्या एका खणात होते. फक्त खण बंद होता, आणि फायलींना वाचा नसते.

एका सकाळी मास्तर स्वयंपाकघरात पडले. मनगट मोडले, कपाळाला खोक पडली. लेक धावत आली. त्यांचा चष्मा शोधताना तिने खण उघडला आणि आम्हा तिघींना मास्तरांसकट उचलून माझ्या डॉक्टरांच्या टेबलावर आणले. म्हणजे आम्हाला टेबलावर, मास्तरांना खुर्चीत.

"कानाच्या बाईंवर केसच करते मी! न विचारता नुसत्या गोळ्या!" लेक कडाडली.

"कर की," डॉक्टर म्हणाले. "पण त्यांचा वकील आधी हे पान दाखवेल. सही कुणाची आहे बघ."

लेकीने पान वाचले. "बाबा, खोटं लिहिलंत? आणि आम्हाला वर्गात अंगठे धरायला लावायचात!"

मास्तर प्लास्टरकडे बघत म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटलं असतं, डॉक्टर."

"वाटलंच. अहो, दुसऱ्याकडे जायचा तुम्हाला हक्क आहे, मास्तर. मीच चिठ्ठी दिली असती. पण माझे डोळे बांधून माझ्याकडून औषध लिहून घ्यायचा हक्क नाही. अर्थात मीही काही कमी नाही. त्या बाईंनी छापील का होईना, विचारलं तरी. मी आपला 'मास्तर आपलेच' म्हणून गप्प." त्यांनी फोन उचलला आणि परत ठेवला. "त्या दोघांशी बोलायला हवं. पण तुमचं दुखणं तुमच्या मालकीचं. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी बोलणार नाही."



"बाबा, हो म्हणा ना. पुन्हा पडलात, तर उचलायला कोण आहे घरात?"

"तेच तर," मास्तर हळूच म्हणाले. "सगळं एकाच दवाखान्यात आलं, तर बाकीच्या दिवशी मी जायचं कुठे?"

डॉक्टर उगाचच स्टेथोस्कोप पुसू लागले. लेक खिडकीबाहेर बघत राहिली. शेवटी मास्तरच म्हणाले, "करा फोन."

रक्तदाबाची एक गोळी बंद झाली, चक्कर थांबली, मग तिच्यावरची गोळीही सुटली. पिवळी-हिरवीचे कागद माझ्या पोटात आले, त्यांचे पुठ्ठे रद्दीत गेले. मी जिंकले, मित्रांनो! इतकी जाड झाले, की दोरी पुरत नाही. पण आता आम्ही महिन्यातून एकदाच बाहेर पडतो. एरवी मास्तर खुर्चीत, मी खणात. सवती गेल्या, की रुसायलाही कुणी उरत नाही.

तेव्हा माझे ऐका. घरातले मोठे माणूस दवाखान्यात निघाले, की त्याच्यासोबत सगळे कागद द्या. डॉक्टर कितीही करा, पण एकाचे दुसऱ्यापासून लपवू नका. आणि आणखी एक. माझ्यात तीन डॉक्टरांची अक्षरे आहेत, अकरा रिपोर्ट आहेत, हृदयाचा आलेख आहे. पण या माणसाशी दिवसभर कुणी बोलत नाही, हे कुठेच लिहिलेले नाही. त्यासाठी रकानाच नाही. मी पुठ्ठ्याची, मला तो आखता येत नाही. तुम्हाला मात्र त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसता येते.