जळकं ऑइल

वरकुट्याच्या फाट्यावर रामहरीचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. बावीस वर्षं तो तिथं होता. नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा, आणि ट्रॅक्टरवाला खाली उतरायच्या आत त्याची टर उडवायचा. लोक ऑइल बदलायला यायचे आणि पोट धरून हसत परत जायचे. ग्रामसभा असली की सरपंच मुद्दाम निरोप धाडायचे, "रामहरी येतोय का बघा. न्हायतर माणसं डुलक्या घेत्यात."

गॅरेजच्या मागं एक खड्डा होता. इंजिनातून काढलेलं काळं, जळकं ऑइल त्यात ओतायचं. थोडंफार लोक मागून न्यायचे, स्लॅबच्या सेंट्रिंगच्या प्लेटांना फासायला, नाहीतर गोठ्याच्या लाकडांना वाळवी लागू नये म्हणून. उसाच्या हंगामात मात्र दिवसाला आठ-दहा ट्रॅक्टर यायचे. मग खड्डा भरायचा आणि वरचं ऑइल एका जुन्या पाइपातून ओढ्याला लागायचं. पाइप रामहरीनंच टाकला होता. त्यावर गवत इतकं माजलं होतं, की तो आहे हे त्याच्याशिवाय कुणाला दिसायचं नाही, असं त्याला वाटायचं.

ओढ्याच्या खालच्या अंगाला दगडाबाईची विहीर होती. म्हातारी पाऊण एकरात मेथी, कोथिंबीर, वांगी करायची आणि दर बाजाराला बारामतीला जायची. इतकी वर्षं ते ऑइल मातीतच मुरत होतं; त्या साली दिवाळीनंतर तिच्या विहिरीवर तवंग दिसायला लागला. मेथीची पानं कडेनं पिवळी पडली. तिनं कुणाजवळ तक्रार केली नाही. एका बाजाराच्या दिवशी पाण्याची बाटली पाटीत ठेवली आणि बारामतीत माती-पाणी तपासतात तिथं नेऊन दिली.

तिथंच राजनंदिनी नोकरीला होती. वालचंदनगरची, वय तिशीच्या आत. नोकरी सांभाळून ती चार जणांना घेऊन ओढे-विहिरी स्वच्छ राखायचं काम करायची. बाटली तपासून झाल्यावर ती आपणहून वरकुट्याच्या ग्रामसभेला आली.

सभा सुरू व्हायच्या बऱ्याच आधी ती येऊन टेबलामागं बसली होती. टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारी चादर होती आणि तिच्यापुढं तीन बाटल्या मांडलेल्या होत्या. बोलताना तिचा आवाज जरा कापत होता.

"हे जळकं ऑइल आहे. कुणा एकाला बोलायला मी आलेली नाही. ओढ्याच्या कडेला गॅरेजं आहेत, ट्रॅक्टर धुतात, इंजिनं धुतात. माझं एवढंच म्हणणं, की प्रत्येकानं एक ड्रम ठेवावा. महिन्यातून एकदा गाडी येऊन ते ऑइल घेऊन जाईल. ती सोय आम्ही करतो. फक्त ते पाण्यात सोडू नका."

रामहरीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बायकांच्या घोळक्यात दगडाबाई खाली मान घालून बसली होती. आता कोणी पाइप बघायला निघालं तर? त्याआधीच काहीतरी बोलायला हवं, असं वाटून तो उठला. तो उठला तशी माणसं सावरून बसली.

"म्याडम, एक इचारू का? हितं आलात कशावर?"

"स्कूटीवर."

"ती काय उसाच्या रसावर चालती?"

सभा हसली. रामहरीला जोर आला.

"हातातलं पेन कशाचं? पलास्टिकचं. पलास्टिक कशाचं? त्येलाचं. मोबाईलचं कव्हर, पायातल्या चपला, बुडाखालची खुर्ची, समदं त्येलाचं. आमच्या ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा पेपर, दुधाची पिशवी, समदं. जग त्येलावर चाललंय, आन तुमी सांगताय त्येल वाईट!"

"तेल वाईट असं मी म्हटलंच नाही, काका. मी..."

"आदी तुमी सोडा की! आज हितनं फाट्यापतुर चालत जाऊन दावा, मग हा रामहरी तुमचं ऐकंल. आन रिक्षा करू नका बरं का, तीबी गॅसवर चालती!"

माणसं मांड्यांवर थापा मारून हसली. चार-पाच जणांनी मोबाईल वर धरले होते.

राजनंदिनीनं पर्समधून स्कूटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि टेबलाला हात टेकून उभी राहिली. ती चादरीच्या आडून बाहेर आली तेव्हा सगळ्यांना दिसलं. तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा चांगला चार बोटं आखूड होता. प्रत्येक पावलाला ती कमरेतून खाली जायची आणि परत वर यायची.

हसणं एकदम थांबलं नाही. मागच्यांना काही दिसत नव्हतं, ते हसतच होते.

सरपंच उठून म्हणाले, "अवो ताई, बसा. चेष्टा केली त्यानं. त्याची सवयच हाय ती."

"त्यांनी चालून दाखवायला सांगितलंय," ती म्हणाली.

एकानं मोटारसायकल आडवी घातली, "बसा ताई, सोडतो." तिनं मानेनंच नाही म्हटलं आणि बाजूनं पुढं गेली. फाटा तिथून तीन किलोमीटर होता. रामहरीला पळत जाऊन तिच्यापुढं उभं राहावंसं वाटलं. पण सगळं गाव बघत होतं. तो खुर्चीवर बसला आणि शेजाऱ्याला उगीच पुढच्या विषयाचं विचारत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिचा आणि त्याचा व्हिडिओ साऱ्या तालुक्यात फिरला. "रामहरीनं जिरवली," असं खाली लिहिलेलं. इंदापुरातून, पणदऱ्यातून फोन आले. व्हिडिओ 'तीबी गॅसवर चालती'पाशी संपत होता.

त्याची बायको झुंबर जेवायला वाढता वाढता तो व्हिडिओ बघत होती. तीही हसली. मग म्हणाली, "मंग पुढं काय झालं?"

"काय न्हाय. गेली ती."

संध्याकाळी झुंबर दळण घेऊन आली ती डबा आपटतच. गिरणीत बायकांनी तिला पुढचं सांगितलं होतं.

"लंगड्या पोरीला चालाय लावलं तुमी," ती म्हणाली. "आन मला म्हनला, गेली ती."

"मला काय ठावं, तिचा पाय..."

"पाय ठावा नव्हता. पाइप तर ठावा व्हता न्हवं?"

रामहरीनं चमकून तिच्याकडं बघितलं. हिलाही पाइप माहीत होता तर.

स्कूटी तीन दिवस ग्रामपंचायतीच्या आवारात पडून होती. चौथ्या दिवशी ग्रामसेवकानं किल्ली आणून रामहरीच्या हातावर ठेवली. "पत्ता देतो. तुम्हीच पोचवा," एवढंच म्हणून तो गेला.

रामहरीनं गाडी गॅरेजला आणली. उजव्या बाजूला पाय ठेवायच्या जागी लाकडाचा एक ठोकळा चार स्क्रूंनी बसवला होता. कोणीतरी घरीच, रंधा मारून, कडा घासून केलेला. वर सायकलच्या ट्यूबचं रबर लावलेलं होतं आणि ते टाचेच्या जागी झिजलं होतं. त्यानं तो ठोकळा हलवून बघितला. पक्का होता.

आपण हिची सर्व्हिसिंग करून देऊ, असं त्याच्या मनात आलं. तेवढंच बरं वाटेल. त्यानं ब्रेक आवळले, फिल्टर साफ केला, जुनं ऑइल पसरट भांड्यात काढलं आणि नवीन भरलं. मग ते भांडं घेऊन मागं गेला आणि खड्ड्यात रिकामं केलं.

शेवटची धार पडत असताना त्याचं स्वतःच्या हाताकडं लक्ष गेलं.

पाऊण लिटर असेल नसेल. काळी धार खड्ड्यातल्या काळ्या ऑइलात मिसळली आणि पाइपाच्या तोंडाकडं सरकली. रामहरी गुडघ्यांवर बसला, पाइपात चिंध्या कोंबल्या, वर माती टाकली. ऑइल मातीतून पाझरायला लागलं तशी त्यानं आणखी माती टाकली. हात कोपरापर्यंत काळे झाले. कुणी बघत नव्हतं, तरी मान वर करायची त्याला लाज वाटत होती.

दुपारी तो वालचंदनगरला पोचला. क्वार्टरच्या दारात राजनंदिनीची आई, रंगूबाई, तांदूळ निवडत होती. स्कूटी बघून तिचा चेहरा उजळला.

"आमच्या नंदूची गाडी! तुमी आनली व्हय भाऊ? या, आत या."

तिनं त्याला खुर्ची दिली, चहा टाकला. तो पहिला घोट घेतो न घेतो तोच ती सांगायला लागली. "पोरीच्या पायाला फोड आलेत बघा. चार दिस झालं, चप्पल घालता येईना. तिकडं कुणीतरी मेल्यानं भर सभेत बोललं तिला. चालून दाव म्हनला. हिचा बाप कंपनीत व्हता, त्यानं गाडीला तो ठोकळा करून दिला तवा कुठं ही कालिजात जाऊ लागली. आन हे म्हनतंय गाडी सोड! आई-बापानं काय शिकीवलं असंल हो असल्याला?"

"व्हय," रामहरी म्हणाला. चहा गोड होता, आलं घातलेला. तो त्याला गिळवेना आणि खालीही ठेववेना.

आतून राजनंदिनी भिंतीला धरत आली. तिच्या उजव्या पायाला पट्टी होती. तिनं त्याला ओळखलं. रामहरी उभा राहिला.

"हे रामहरीकाका," ती आईला म्हणाली. "त्यांचं गॅरेज आहे. गाडी पोचवायला आलेत."

एवढंच. तिनं आणखी काही सांगितलं नाही. आता तो तसाच नमस्कार करून निघून जाऊ शकला असता. रंगूबाईनं त्याला आशीर्वादही दिला असता. ते त्याला सोसेना.

"वैनी," तो म्हणाला, "तो मेला मीच."

रंगूबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. ती त्याच्याकडं बघत राहिली. मग उठून स्वयंपाकघरात गेली.

"आन अजून हाय," तो राजनंदिनीला म्हणाला. "दगडाबाईच्या हिरीत जातंय ते ऑइल माज्या खड्ड्याचं हाय. पाइप टाकलाय मी. आज तुमच्या गाडीचं काडलं, तेबी तितंच वतलं. सवयीनं वतलं."

राजनंदिनी खुर्चीवर टेकली. "पाइप मी बघितला होता," ती म्हणाली. "सभेच्या आधी दगडाबाईंनी दाखवला."

"मंग सबंत नाव का न्हाय घेतलं माजं?"

"त्यांनीच नको म्हटलं. म्हणाल्या, माझी विहिरीवरची मोटर त्यानं दोनदा फुकट चालू करून दिलीय, त्याला चारचौघांत खाली बघायला लावू नका."

रामहरीला बसायला हवं होतं, पण खुर्चीवर बसायचा धीर होईना.

"तुम्ही बोललात ते सगळं काही खोटं नव्हतं, काका," ती म्हणाली. "मला पेट्रोल लागतं. गाडी नसेल तर मी घरातच बसेन. त्या दिवशी चालताना मी हाच विचार करत होते, की मला बोलायचा हक्क आहे का. फाटा येईपर्यंत काही कळलं नाही. पण विहिरीत ऑइल नको, हे म्हणायला मी पायीच आलं पाहिजे, असं मला अजूनही वाटत नाही."

"मी खड्डा बुजीवतो. ड्रम आजच आनतो."

"आणा." तिनं किल्ली घेतली. "परत कसे जाणार?"

"यष्टी मिळंल."

"चला, स्टँडवर सोडते."

"नगं, नगं. तुमचा पाय..."

"गाडी चालवायला पाय दुखत नाही."

तो मागं बसला. तिच्या दुप्पट वजनाचा माणूस, दोन्ही हात मांड्यांवर दाबून, अंग चोरून. क्वार्टरच्या ओळींतून जाताना लोक तिला हाका मारत होते आणि त्याच्याकडं बघत होते. तिचा पाय त्या ठोकळ्यावर घट्ट टेकलेला होता. स्टँडवर उतरल्यावर त्याला काहीतरी बोलायचं होतं. ते जुळेपर्यंत तिनं गाडी वळवली होती.

गावी उतरल्यावर तो घरी न जाता दगडाबाईकडं गेला. ती वाफ्यात खुरपत होती. त्यानं सगळं सांगितलं. ती खुरपायची थांबली नाही.

"मला ठावं हाय की रं," ती म्हणाली. "पर तुज्या तोंडाफुडं कोन बोलंल? मला चार लोकांत काय म्हनला असतास, त्याचंच भ्याव वाटायचं."

हे ऐकेपर्यंत रामहरीला वाटायचं, गाव आपल्यावर माया करतं म्हणून हसतं.

विहीर उपसायला आठवडा गेला. दिवसा वीज नसायची, म्हणून त्यानं स्वतःचं डिझेल इंजिन लावलं. तवंग कापडानं टिपून ड्रममध्ये भरला. दगडाबाई काठावर बसून बघायची. त्याला चहा द्यायची, पण बोलायची नाही. पाणी पुन्हा तपासायला दिलं. राजनंदिनीनं फोनवर सांगितलं, कमी झालंय, पण गेलेलं नाही. मातीत मुरलंय, एखादा पावसाळा लागेल, कदाचित दोन.

पुढच्या ग्रामसभेला रामहरी न बोलावता गेला आणि पुढं जाऊन उभा राहिला. त्यानं अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच माणसं हसायला लागली. दोघातिघांनी मोबाईल काढले.

"ओढ्यात ऑइल मी सोडत व्हतो," तो म्हणाला.

ते आणखी हसले. आता तो पुढं काय जोडतो, याची वाट बघायला लागले.

"चेष्टा न्हाय ही. बावीस वर्सं सोडत व्हतो. दगडाबाईची हीर मी नासवली. आन ज्या पोरीनं ते सांगितलं, तिला मी तुमच्याफुडं चालाय लावलं. का, तर माजं उघडं पडू ने म्हून."

हसणं विरायला बराच वेळ लागला. मागच्या रांगेत कोणीतरी शेजाऱ्याला विचारत होतं, काय म्हनला, काय म्हनला. मोबाईल एकेक करून खाली आले. रामहरीला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. एवढी माणसं गप्प बसलेली त्यानं कधी बघितली नव्हती, आणि ती सगळी त्याच्याकडंच बघत होती. तो तसाच उभा राहिला, मग जाऊन पायऱ्यांवर बसला.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठच्या बाकीच्या तिघा गॅरेजवाल्यांपैकी दोघं आपापलं जळकं ऑइल कॅनमध्ये भरून त्याच्या ड्रमपाशी घेऊन आले. तिसरा अजून आलेला नाही. रामहरी दर आठवड्याला स्वतः त्याच्या दारात रिकामा कॅन नेऊन ठेवतो. काही न बोलता.