तांबड्या पट्ट्याचे पिंप

मित्रांनो, मी एक जुने निळे पिंप आहे. माझ्या कमरेला तांबडा पट्टा आहे, पण तो नटण्यासाठी नाही.

पोटात औषध घेऊन मी भिवंडीजवळ राहनाळच्या गोदामात उतरले. ते औषध रेनकोटच्या कापडाला लावले, की पाणी वरून घसरून जाई. रिकामे पिंप भिवंडीत कोणी टाकत नाही. घासून पाणी भरायला वापरतात. औषध लावणाऱ्या नूर मोहम्मदनेही मला थोरल्या बहिणीकडे, माजिदाआपाकडे आणले. दोन हजार आठचा उन्हाळा होता. आपा धामणकर नाक्यावर पाणपोई सुरू करणार होती. हमाल, रिक्षावाले, मागावरचे कामगार, सगळ्यांची तहान माझ्यावर सोपवली जाणार होती! मी फुगून गेले.

आपाने मला साबणाने, चिंचेने घासघास घासले. वास घेऊन पाहिला, तर नावालाही नाही. मग कोऱ्या मलमलीने आतून पुसले आणि तेच फडके वाळवून गाळण्यासाठी माझ्या तोंडाला बांधले.

नाक्यावर माणसे जमली. नळाची पहिली बादली ओतली, पण पाणी खाली उतरेना. थेंब फडक्यावर मण्यांसारखे नाचू लागले. शेजारच्या गोदूबाईंना हसू आवरेना. नूर मोहम्मदही हसला, पण लगेच पुढे होऊन त्याने फडके चाचपले.

“आपा, थांब. हे तर आपल्या रेनकोटचं कापड झालंय. औषध अजून आत हाय.”

पाणी तपासणारे एक साहेब तिथेच होते. त्यांनी सांगितले, की अशी औषधे उकळून जात नाहीत आणि वर्षानुवर्षे कुजत नाहीत. मात्र पिण्याच्या पाण्यात ती किती चालतील, याचा नियम अजून आपल्याकडे नाही. मग आजचा दिवस भागवून घ्या, असे कोणीतरी सुचवले. माझा जीव टांगणीला लागला.

आपाने फडके सोडले. “नियम येल तवा येल. माझ्या पाणपोईत तो आजपासून हाय.”

गोदूबाईंनी घरचे दोन रांजण दिले आणि दुपारी पाणपोई सुरू झाली. मला तांबडा पट्टा मिळाला, म्हणजे यात पिण्याचे पाणी भरू नये. पुढे आपा गल्लोगल्ली फिरून प्रत्येक पिंपाची पूर्वकथा विचारू लागली. औषधाचे निघाले, की पट्टा! लोक तिला हसत, पण पिंपे दाखवत.

आता मी मागाजवळ सुताच्या कांड्या सांभाळते. सुरुवातीला फार वाईट वाटले, आता करमते. मित्रांनो, पिंप किती चकचकीत आहे ते पाहू नका, त्यात आधी काय होते ते विचारा. माझ्यातला एक घोटही कोणाच्या ओठी लागला नाही, याचेच मला मोठे सुख आहे.